शिवेखालचं पाणी

उन्हाळ्याच्या तोंडावर थोरला बुडाला. सकाळी जाळी घेऊन तो एकटाच गेला होता, कारण धाकट्या भावाच्या तळपायात गळ रुतून पाय टम्म सुजला होता. दुपारी डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याची एक वावटळ खाली उतरली, तळ्याला घुसळून निघून गेली आणि पुन्हा सगळं होतं तसं झालं. त्याची बायको, थोरली, तेव्हा अंगणात धुतलेलं जाळं वाळत घालत होती. वाऱ्यानं ते जाळं तिच्याच अंगावर आलं, हातापायात गुंतलं, आणि ते सोडवता सोडवता ती हसलीसुद्धा. ऊन उतरायच्या आत होडी उलटी सापडली. एक वल्हं सापडलं. थोरला सापडला नाही.

वस्तीतल्या सगळ्या होड्या निघाल्या. गळ टाकून पाहिले, जाळी ओढून पाहिली. शहरातून एक पाणबुड्या आला. रबराचा काळा पोशाख घालून तो खाली गेला आणि थोड्याच वेळात वर आला. बोलायला त्याचे ओठ वळत नव्हते. काठावर बसून चहाचा पेला दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "वर बरं आहे हो. अंघोळीचं पाणी असावं तसं. पण दोन-तीन माणसांच्या उंचीएवढं खाली गेलं की एकदम गार लागतं, कुणी सुरी फिरवल्यासारखं. आणि अंधार. स्वतःचा हात दिसत नाही. मधल्या डोहाला तर मला तळच लागला नाही."

"मग?" धाकट्यानं विचारलं.

"चार-पाच दिवसांत आपोआप वर येतं. येतंच." तो थोरलीकडे न बघता म्हणाला.

चार-पाच दिवस गेले, आठवडा गेला. लेक दूरच्या गावाहून नवऱ्याला घेऊन आली, रडरड रडली, आणि जावयाची रजा संपली तशी परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तू रड गं एकदा." थोरली म्हणाली, "हो, रडेन," आणि तिची पिशवी भरून द्यायला उठली.

तिला काही होत नव्हतं. हात कामं करत होते. आमटीत मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही, आणि तिघांचीही ताटं तशीच संपायची. रात्री पडल्यावर झोप यायची. सकाळी उठल्यावर क्षणभर सगळं ठीक असायचं, मग आठवायचं, आणि आठवूनही तसंच वाटायचं. पाय झोपल्यावर त्यावर चिमटा घ्यावा तसं.

तिची सासू, म्हातारी, मात्र ठणठणीत होती. सत्तरीला आलेली, पाठीत वाकलेली, जिभेला धार. ती रोज सकाळी काठावरच्या दगडावर जाऊन बसायची.

"पलीकडच्या काठाला लागला असेल," ती म्हणायची. "पाण्यातच वाढलाय तो. बुडायला काय, दगड आहे का?"

"आई, एवढे दिवस झाले," धाकटा म्हणायचा.

"मग कामाला लागला असेल कुठे. पैसे साठले की येईल. तुझ्यासारखा घरकोंबडा नाही तो."

लग्नाचं वय टळलेला धाकटा यावर लंगडत अंगणात निघून जायचा. थोरलीही कधी म्हातारीला खोडत नव्हती. खोडायला अंगात जोर लागतो.

पायाची सूज उतरली तशी धाकट्यानं पुन्हा जाळी काढली. पोट कुणासाठी थांबत नाही. त्या घरात जाळं लावायची एक रीत होती. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी वर गरम आणि खाली गार, आणि दोहोंच्या मधे जिथे गारवा एकदम सुरू होतो त्या जागेला घरात 'शीव' म्हणायचे. जाळं शिवेच्या जरा वर सोडायचं, मासळी तिथेच मिळते. शिवेखाली कितीही खोल सोडा, जाळं रिकामं येतं. दोर वर ओढताना ओला भाग हाताला कोमट लागता लागता एकदम थंडगार लागला की समजायचं, जाळं शिवेखाली गेलं होतं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं तिला पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर हे. तिचा हात धरून दोरावर ठेवला होता.

पहिल्याच खेपेला मासळी चांगली लागली. थोरली टोपली घेऊन बाजारात गेली. मासळीचा ठोक व्यापारी, ज्याला सगळे काटेवाला म्हणायचे, मनुष्य गमत्या होता. 'माझा काटा गळ्यात अडकत नाही, हातावर पैसे मोजतो' हा त्याचा ठरलेला विनोद. त्या दिवशी त्यानं विनोद केला नाही. टोपलीवरचं फडकं उचललं, पुन्हा झाकलं.

"वहिनी, मासळी ताजी आहे. मला काही नाही त्याचं. पण लोक विचारतात."

"काय विचारतात?"

काटेवाल्यानं तराजूची पारडी उगाच पुसली. "की ह्या माशांनी... त्यांनी काय खाल्लंय म्हणून."

शेजारी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला, वास नसताना.

"ते खाली आहेत," थोरली म्हणाली. "शिवेच्या खाली. तिथं मासा जात नाही. जगतच नाही तिथं."

"तुम्ही म्हणता ते खरंच असेल हो."

"खरंच आहे."

"पण घेणाऱ्याला कुणी सांगायचं?"

तिनं टोपली उचलली. टोपली डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. कुणी पुढे झालं नाही, शेवटी काटेवाल्यानंच हात दिला. घरी आल्यावर तिनं मासे चिरले, मीठ लावून छपरावर वाळत टाकले. मग तेच चालू झालं. धाकटा मासे वाळवून पोत्यात भरायचा आणि डोंगरापलीकडच्या बाजारात न्यायचा, जिथे कुणी त्यांना ओळखत नव्हतं. म्हातारीनं मासा खायचं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "दात राहिले नाहीत." भाजलेले दाणे ती कटाकटा खायची.

याच दिवसांत धाकट्यानं बुड्या मारायला सुरुवात केली. कमरेला दोर बांधायचा, पोटाशी दगड धरायचा आणि डोहावर होडीतून खाली जायचं. दोराचं दुसरं टोक थोरलीच्या हातात. दगड सोडून तो वर यायचा तेव्हा ओठ निळे, अंगावर काटा, आणि डोक्यावर ऊन रखरखत असायचं. होडीत पालथा पडून तो दात वाजवत राहायचा. ती त्याच्या पाठीवर पोतं टाकायची.

"काही दिसलं?"

"नाही."

एवढंच बोलणं. मग पुन्हा दगड.

मापवाली बाई आली ती शहराच्या पाण्यामुळे. शहराला नळाचं पाणी याच तळ्यातून जायचं, आणि ते खालच्या तोंडातून घ्यायचं की वरच्या, हे ठरवायला पाणीपुरवठ्याचं ऑफिस दर पंधरवड्याला तिला पाठवत असे. तिशीतली, उन्हानं नाक सोललेली. पोहता येत नसल्यामुळे फुगवलेलं जाकीट गळ्याशी आवळून होडीच्या मधोमध बसायची, दोन्ही कडा घट्ट धरून. आधीचा होडीवाला म्हातारा झाला होता, म्हणून यंदा ती थोरलीकडे आली. घरात काय झालंय ते तिला कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण पहिल्या दिवशी डोह येईपर्यंत ती थोरलीकडे बघायचं टाळत होती.

डोहावर थोरलीनं वल्ही थांबवली. मापवालीनं तारेच्या टोकाचं यंत्र पाण्यात सोडलं आणि हातातल्या डबीवर बघत आकडे पुटपुटू लागली.

"सव्वीस. सव्वीस. पंचवीस. पंचवीस..." तार सरकत होती. "एकवीस. चौदा. दहा. नऊ. नऊ."

"चौदा म्हणालात तिथं शीव," थोरली म्हणाली.

"काय?"

"आमच्यात शीव म्हणतात. गारव्याची."

मापवाली पहिल्यांदा हसली. "आमच्याकडे ह्याला हातभर लांब नाव आहे. शीवच बरं."

वल्ही पाण्यात नुसती टेकवून थोरली बसून राहिली. मग तिनं विचारलं, "हे असंच का राहतं? एवढं ऊन पडतं, खाली का जात नाही?"

"ऊन वरचंच तापवतं. तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. मग वारा आला तरी वरचं वरच हलतं. खालच्याला ना ऊन मिळत, ना हवा. म्हणून तिथे मासे नसतात."

"कायमचं?"

"नाही. थंडी पडायला लागली की वरचंही गार होतं, जड होतं, खाली बसायला लागतं. शीव खाली खाली सरकते. आणि एक दिवस वर-खाली सारखं झालं की जरा मोठा वारा पुरतो. सगळं तळं पालटतं. तळाचं वर येतं." बोलता बोलता मापवालीच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. ती थांबली.

"बोला," थोरली म्हणाली. "माणूस वर येतं ते कशानं?"

"मला तेवढं..." मापवालीनं जाकिटाचा पट्टा ओढला. "अंग फुगतं, म्हणून येतं. ऊब असली की फुगतं. नऊवर ते फार सावकाश होतं. फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं... माफ करा."

"म्हणजे ते आहेत तसेच आहेत."

"बरेचसे. असतील."

"आणि थंडीत येतील?"

"मी तसं नक्की नाही सांगू शकत, ताई. येऊ शकतात. तळं पालटलं की खालची थोडी ऊब वाढते, पाणी हलतं. येऊ शकतात, एवढंच."

मग तिनं तळाचं पाणी वर काढायची बाटली सोडली. तार ओढून वर घेतली तेव्हा बाटलीवर दव धरलं होतं. तिला थोडंसंच पाणी हवं होतं, उरलेलं तिनं बादलीत ओतलं. त्याला कुजल्या अंड्याचा वास होता. थोरलीनं बादलीत हात घातला. मनगटापर्यंत. होडी आपली आपण फिरत राहिली. बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडली, दुखली मात्र नाहीत.

"ताई, हात काढा."

"हो."

"बधिर होईल."

"झालाच आहे," थोरली म्हणाली, पण हात काढायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटा खाली गेला तो दोराला हिसका देईना. थोरलीनं वाट पाहिली, मग दोर ओढला. दोर जड लागला. ती होडीच्या कडेला पाय टेकून ओढत राहिली. दोर हातात आधी कोमट आला, मग बर्फासारखा, आणि मग त्याचं डोकं दिसलं. नाकातून रक्त येत होतं. केसांना धरून तिनं त्याला होडीत घेतलं, पालथं घातलं, पाठीवर गुडघा देऊन पाणी काढलं. तो खोकला, ओकला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. "खाली गेल्यावर बरं वाटतं, वहिनी. काही आठवत नाही."

थोरलीनं त्याच्या कमरेचा दोर सोडला आणि गुंडाळून ठेवला. होडीत उरलेले दगड एकेक करून पाण्यात सोडले.

"आता नाही जायचं."

"आणि ते?"

"येतील आपले आपण. थंडी पडू दे."

"कुणी सांगितलं?"

"मापवालीनं."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही आले."

तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. कुणी बाजारात भाव सांगावा तसा.

उन्हाळा सरला, पाऊसही येऊन गेला. सकाळी तळ्यावर वाफ दिसू लागली. मापवाली आली की आकडे बदललेले असायचे. वर एकोणीस. मग सोळा. शीव खाली गेली होती, जाळं आता चांगलंच खोल सोडावं लागायचं. धाकटा पुन्हा बोलू लागला होता, थोडं थोडं. म्हातारी दगडावर घोंगडी घेऊन बसू लागली. कुणी विचारलं तर सांगायची, "थंडीत त्याला कुणी कामावर ठेवणार नाही. आता येईलच."

एका सकाळी मापवालीनं तार सोडली. थोरली वल्ही धरून आकडे ऐकत होती.

"दहा. दहा. दहा." तार सरकत होती. "दहा. दहा." तार संपली. मापवालीनं डबी बंद केली.

"शीव गेली," थोरली म्हणाली.

"हो. आता वाऱ्याचं बघायचं."

वारा त्याच आठवड्यात सुटला. दोन दिवस खिंडीतून नुसता वाहत राहिला. तिसऱ्या दिवशी तळ्याचं पाणी गढूळ, तपकिरी झालं, आणि बादलीतला तो वास सगळ्या काठाला सुटला. छोटे मासे पोट वर करून तरंगू लागले. शहरात नळाला वास आला म्हणून लोक गाड्या घेऊन काठावर आले आणि मापवालीच्या ऑफिसाला शिव्या घालू लागले. त्यांच्यातल्या एकानं थोरलीला होडी सोडताना बघून विचारलं, "ओ बाई, काय मेलंय इथे?"

"पाणी पालटलंय," ती म्हणाली आणि वल्ही मारली.

ती आणि धाकटा रोज काठाकाठानं फिरत होते. दोघांनाही ठाऊक होतं कशासाठी. खिंडीच्या समोरच्या अंगाला, जिथे वाऱ्यानं सगळा कचरा नेऊन लावला होता, तिथे लव्हाळ्यात तो होता.

धाकट्यानं तोंड फिरवलं. थोरलीनं पाहिलं. अंग पांढरट, मेणासारखं झालं होतं. चेहरा होता, पण वापरून वापरून साबण झिजावा तसा. नाक, ओठ, भुवया, सगळं एकमेकात मिसळलेलं. माशांनी कुठे तोंड लावलेलं नव्हतं. डाव्या करंगळीचं टोक नव्हतं, ते पूर्वी होडी ओढताना दोरात गेलं होतं. तिनं तो हात पाण्यातून उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला. मग अंगावरची शाल काढून त्याच्यावर टाकली. दोघांनी मिळून त्याला जाळ्यात घेतलं आणि होडीमागे हळूहळू ओढत आणलं. काठ येईस्तोवर धाकटा वल्हवत होता आणि ती मागे बसून जाळं धरून होती. पाणी कमी-जास्त गार लागत नव्हतं. सगळं एकच होतं.

हवालदार आला, डॉक्टर येऊन बघून गेला, वस्ती गोळा झाली. काटेवालाही होता, डोक्यावरची टोपी हातात धरून.

"ओळख कोण पटवणार?" हवालदारानं विचारलं.

"मी," थोरली म्हणाली. "माझे मालक."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत म्हातारी आली. काठीनं शाल बाजूला केली. वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"हा नव्हे," ती म्हणाली.

"आई..."

"हा नव्हे. माझा असा आहे का? आंधळी झाले का मी?"

"आई, करंगळी बघ त्याची," धाकटा रडत म्हणाला.

"करंगळ्या पुष्कळांच्या तुटतात."

हवालदार थोरलीकडे बघू लागला. थोरली हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही मी सांगते ते धरा. त्यांना म्हणू द्या." हवालदार मान हलवून बाजूला झाला.

लोक पांगायला लागले. म्हातारी मात्र हलली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती पायाशी पडलेल्याकडे बघत होती. मग एकदम चिडून म्हणाली, "असाच ठेवणार आहात का चिखलात? कुणाचा आहे कोण जाणे. कुणीतरी वाट बघत असेल ह्याची. घरात घ्या. आणि पाणी तापवा."

जाळी ठेवायच्या पडवीत दोन बाकांवर दार आडवं टाकून त्याला ठेवलं. थोरलीनं चुलीवरून हंडा आणला, बादलीतल्या गार पाण्यात ओतला. वाफ आली. म्हातारीनं बादलीत बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

"पोळतंय! अंगावर घालायचं आहे, भांडी नाही घासायची." मग मनगट आत घातलं. "आणि खाली गारच. नुसतं ओतून होतंय का? ढवळ नीट. तळापासून."

थोरलीनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळलं. वर चटका बसत होता, खाली बोटांना गारवा लागत होता, आणि ढवळता ढवळता दोन्ही एक होत गेलं. तिचा हात दुखायला लागला. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं. तिनं हात काढला नाही.

"पुरे, आता झालं," म्हातारी म्हणाली. "घाल."

थोरली तांब्यानं पाणी घालत गेली आणि म्हातारी मऊ फडक्यानं पुसत गेली. आधी पाय, बोटांच्या बेचक्यांतला चिखल. मग हात. तुटक्या करंगळीशी ती थांबली नाही, इतर बोटांसारखीच तीही पुसली. मग छाती, खांदे. धाकटा दाराबाहेर बसून होता. आतमधे पाण्याचा आवाज आणि म्हातारीचा श्वास, एवढंच. फडकं ती सारखं पिळत होती, पुन्हा बुडवत होती, दाबून घासत नव्हती, कातडी निघेल म्हणून.

शेवटी तिनं एक हात त्याच्या डोक्याखाली घातला, दुसऱ्या हातानं फडकं घेतलं आणि कानामागे पुसायला वाकली. डोकं जड होतं, तिच्यानं उचलेना.

"मान वर कर रे," ती वैतागून म्हणाली. "दरवेळी काय सांगायचं तुला."

थोरलीनं ऐकलं. ती पुढे झाली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं उचलून धरलं, आणि म्हातारीनं एक कान पुसला, मग दुसरा.